म्हशीला इंग्रजी शिकवणाऱ्या तांबोळी बाई

"आधी मला एक सांगा, तुमची म्हैस कोणत्या माध्यमात शिकली?"

तांबोळी बाईंनी मुलाखतीला आल्या आल्या आम्हालाच हा प्रश्न विचारला. लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानाच्या वर आमचा छोटासा ॲनिमेशन स्टुडिओ होता. मालक किरणभाऊ आणि संहितेचं काम बघणारी मी, असे दोघं खुर्च्या सरसावून बसलो होतो. किरणभाऊ मूळचे तिकोणा पेठेचे. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्यांनी हा स्टुडिओ काढला होता आणि कुठल्याही प्रश्नाला ते आधी घाबरत, मग उत्तर देत.

"म्हैस? शिकली? म्हंजे कसं बाई?"

"म्हणजे ती इंग्रजी माध्यमातली असेल तर 'एक्स्क्यूज मी' म्हणून गोठ्यात शिरेल. मराठी माध्यमातली असेल तर दारात उभी राहून मनात वाक्य जुळवेल आणि मग म्हणेल, 'मायसेल्फ हौसा.' दोन्ही म्हशी वेगळ्या. मी कुठलीची भाषा लिहू?"

किरणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मराठी माध्यम."

"छान. माझ्यासारखीच," असं म्हणून बाईंनी पर्समधून उकडलेल्या शेंगांची पुडी काढली आणि आमच्या पुढ्यात ठेवली. मुलाखत संपली होती. कोणी कोणाची घेतली, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

शमीम तांबोळी. तळेगावच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, बेगडेवाडीला भावाच्या कुटुंबात राहायच्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, नाकावर घसरणारा चष्मा आणि साडीवर कायम पुरुषी खिशाचा स्वेटर. त्या खिशात लाल पेन, शेंगा आणि लवंगा. कपडे धुताना तिन्ही एकत्र भिजत असावेत, कारण स्वेटरवर गुलाबी ढग उमटलेले असत.

'हौसा' ही आमची मालिका. पवना धरणाकाठच्या एका गावातली हौसा नावाची म्हैस, तिच्या पाठीवर बसणारा आगाऊ बगळा आणि त्या दोघांना सांभाळणारी गोदाआजी. हौसाला प्रत्येक भागात काहीतरी नवीन करायचं असतं. कधी एसटी चालवायची असते, कधी सरपंच व्हायचं असतं. त्यात ती गोंधळ घालते, आजी तिला शिव्या देते, चप्पल फेकते आणि शेवटी तिच्या गळ्यात पडून रडते. आपल्याकडे मालिका बरी चालली, पण त्यावर स्टुडिओ चालेना. मग उत्तर युरोपातल्या एका वाहिनीनं ती दाखवायची तयारी दाखवली. त्यांना आधी इंग्रजी आवृत्ती हवी होती, म्हणजे तिच्यावरून ते पुढे आपल्या भाषेत करणार. "ह्ये जमलं तर आपुन वाचलो. न्हाई जमलं तर खाली चिक्की बांधायची," असं किरणभाऊंनी सगळ्या चित्रकारांना उभं करून सांगितलं होतं.

बाईंची काम करायची तऱ्हा अशी, की त्या बसून लिहायच्याच नाहीत. संवाद आधी करून बघायच्या. खोलीभर फिरत त्या म्हैस व्हायच्या, बगळा व्हायच्या, एसटीचा कंडक्टर व्हायच्या. पहिल्याच आठवड्यात खालचे चिक्कीवाले शेठ धावत वर आले. कोणाला तरी काहीतरी झालंय, असं त्यांना वाटलं होतं.

"काही नाही हो," बाई म्हणाल्या, "आमची म्हैस स्पेलिंग पाठ करतेय."

पुढे तर गिऱ्हाइकांनी वर बघितलं, की शेठ आपण होऊन सांगू लागले, "वर बाई आहेत. हुशार आहेत."

लिहिताना अडलं, की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. "गंमत काढून घेतली की गोष्टीचं परिपत्रक होतं गं." मी एखादं वाक्य फार नीटनेटकं केलं, की त्या कागद नाकाजवळ नेत, वास घेतल्यासारखं करत आणि म्हणत, "परिपत्रक." मला ते वाक्य पुन्हा लिहावं लागे.

वाहिनीच्या बाजूनं सगळं बघायला इंग्रिड नावाच्या बाई होत्या. दर आठवड्याला त्या संगणकाच्या पडद्यावर येत. अतिशय सभ्य, अतिशय हसऱ्या, आणि आक्षेप अतिशय बारीक. पहिला आक्षेप हौसाच्या कासेवर होता. लहान मुलांच्या कार्यक्रमात ती दिसू नये. किरणभाऊंनी घाईघाईनं ती पुसून टाकायला लावली. मग दूध काढण्याचा भाग आला. गोदाआजी चरवी घेऊन म्हशीखाली बसली आणि नुसत्या हवेतून दुधाच्या धारा काढू लागली.

बाईंनी ते पाहिलं आणि चष्मा वर केला. पडद्यावरच्या इंग्रिडला त्यांनी अत्यंत आदरानं विचारलं, "तुमच्याकडे मुलांना चमत्कार शिकवतात का? आमच्याकडे आम्ही हल्ली टाळतो."

इंग्रिडनी ते पुन्हा एकदा पाहिलं. कास परत आली.

मग गोवऱ्या. भिंतीवर आजी हे तपकिरी गोल काय थापते, असं इंग्रिडनी विचारलं. बाईंनी आधी 'हातानं केलेले इंधनाचे केक' असं सांगून बघितलं. केक म्हटल्यावर मुलं खातील, अशी इंग्रिडना काळजी वाटली. बाई खोलीत दोन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "आजी चित्रकलेचा वर्ग घेते असं समजा." इंग्रिडना ते फारच आवडलं. आपल्या वहीत त्यांनी आनंदानं काहीतरी लिहिलं. किरणभाऊ माझ्या कानात कुजबुजले, "आत्याला सांगाया पायजे. लय वर्सं कला करतीया."

ही आत्या म्हणजे तिकोणा पेठेतली सुंद्राआत्या, किरणभाऊंच्या वडिलांची बहीण. गोदाआजी हुबेहूब तिच्यावरून काढलेली. तिचा राग, तिचं चालणं, तिची चप्पल.

इंग्रजीतल्या गोदाआजीसाठी आम्ही शहरातून एक नावाजलेली आवाज देणारी कलाकार बोलावली होती. तिनं सुंदर इंग्रजीत आजी केली, पण ती आजी म्हशीला ओरडतेय की चहाचं आमंत्रण देतेय तेच कळेना. "असं नाही गं बाळ," म्हणत बाई काचेच्या खोलीत शिरल्या आणि करून दाखवू लागल्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं यंत्र चालूच ठेवलं होतं. बाईंच्या पोटातून जो आवाज निघाला तो बाईंचा नव्हताच. खरखरीत, वर चढत जाणारा, शेवटी फाटणारा, आणि फाटल्यावर एकदम मऊ होणारा. ती कलाकार स्वतःच म्हणाली, "यांनाच घ्या. माझी तर छातीच धडधडली." अशा रीतीनं बाईच गोदाआजी झाल्या.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. मग चप्पल आली.

आजीनं चप्पल फेकलेली चालणार नाही, असं इंग्रिडनी सांगितलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिकडे ती मारहाणच. पण चप्पल काढली तर प्रत्येक भागाचा कणाच जात होता. त्यांनी एक पर्यायही पाठवला होता. हौसानं साडी खाल्ली, की आजीनं तिच्याजवळ बसावं आणि म्हणावं, 'हौसा, तू माझी साडी खातेस तेव्हा मला वाईट वाटतं. चल, आपण दोघी मिळून दीर्घ श्वास घेऊ.'

बाईंनी तोही प्रामाणिकपणे ध्वनिमुद्रित केला. मग त्याचंच मराठी करून बेगडेवाडीतल्या आपल्या इमारतीतल्या मुलांना दाखवलं. मुलं गप्प बसून बघत होती. एकीनं विचारलं, "बाई, आजी आजारी आहे का?" दुसरा म्हणाला, "ही त्यांची आजी नाहीये. ही बँकेतली आहे."

दुसऱ्या दिवशी बाई किरणभाऊंसमोर उभ्या राहिल्या. "कासेवर मी हसले, गोवऱ्यांवर हसले. शब्द सगळे बदला हो, पण तिचा राग काढून घेऊ नका. त्या रागातच तिचं सगळं प्रेम आहे. दुसरीकडे कुठे ठेवलेलंच नाही तिनं."

"आवो पन बाई, त्या न्हाई म्हनल्या तर सगळंच बसंल. इतकी पोरं हायेत हितं, त्येंना काय सांगू मी?" किरणभाऊंनी खरंच हात जोडले. बाईंनी स्वेटरच्या खिशातून लवंग काढली आणि चावत बसल्या.

त्याच सुमारास इंग्रिड भारतात सुट्टीवर आल्या आणि म्हणाल्या, की निर्णय कळवण्याआधी मला हे गाव बघायचंय, खरी आजी बघायचीय. किरणभाऊ नेहमीप्रमाणे आधी घाबरले. बाई मात्र म्हणाल्या, "मी बघते." त्यांनी सुंद्राआत्याला फोन लावला. मी शेजारीच होते.

"आत्या, फक्त दोन तास. शिवी नाही, चप्पल नाही."

"मंग म्हशीसंगं बोलू कशी?"

"प्रेमानं बोला."

"अवं, प्रेमानंच तर बोलती की रोज!"

"त्याहून जरा कमी प्रेमानं," बाई म्हणाल्या.

आम्ही पवनानगरवरून तिकोणा पेठेत पोचलो तेव्हा आत्या नवी साडी नेसून, हात जोडून दारात उभी होती. चेहऱ्यावर असं हसू, जणू फोटोवाला 'हलू नका' म्हणून गेलाय आणि परत आलेलाच नाही. इंग्रिडबाई उंच, लालबुंद, डोक्यावर मोठी गवती टोपी. आत्यानं त्यांना पोहे दिले, चहा दिला आणि गोठ्याकडे नेलं. तिथे चंद्री म्हैस वाट अडवून उभी होती.

आत्यानं एकदा बाईंकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चंद्रीताई, जरा सरकता का?"

चंद्रीनं मान वळवून मागे पाहिलं. ही कुठली चंद्रीताई आलीय आपल्या गोठ्यात, असा तिला प्रश्न पडलेला स्पष्ट दिसत होता. ती हलली नाही.

"लई उपकार व्हतील तुमचे," आत्या म्हणाली. घाम तिच्या कपाळावरून ओघळत होता.

इंग्रिड कौतुकानं बघत होत्या. "किती शांत नातं आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. बाईंनी जोरजोरात मान हलवली. तेवढ्यात चंद्रीनं तोंड लांब केलं आणि इंग्रिडची टोपी शांतपणे ओढून घेतली.

टोपीची कड गेली. आत्यानं ओठ दाबले. टोपीची फीत गेली. आत्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. मग चंद्रीनं टोपीचा मधला भाग तोंडात घोळवला आणि आत्याचा बांध फुटला.

"मुडदा बशिवला तुजा! पावनीची टोपी खाती व्हय गं भवाने? वैरन कमी पडली व्हय तुला? सोड म्हनती न्हवं! सोड!"

चप्पल सुटली. चंद्रीच्या शिंगांवरून झपकन गेली आणि पलीकडच्या शेणाच्या ढिगात रुतली. चंद्रीनं टोपी टाकली, हायसं वाटल्यासारखा एक लांब हुंकार दिला आणि सरळ येऊन आत्याच्या खांद्यावर मान टाकली. आत्या शिव्या देत देत तिची मान खाजवू लागली.

"काय म्हणाल्या त्या?" इंग्रिडनी विचारलं.

"त्या म्हणाल्या, कृपया पाहुण्यांची टोपी परत दे," बाई म्हणाल्या.

"ते याच्यापेक्षा बरंच लांब होतं."

किरणभाऊ मागे उभे राहून हातानं 'नको, नको' करत होते. बाईंनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. आता खरं सांगते." मग त्यांनी अगदी आत्याच्या आवाजात, आत्याच्या हातवाऱ्यांसकट, एकेक शब्द इंग्रजीत उतरवला. पहिलंच वाक्य, शब्दशः, 'तुझं प्रेत बसवण्यात येवो' असं झालं.

इंग्रिडनी भुवया जुळवल्या. "बसवण्यात येवो? कुठे?"

बाई आत्याकडे वळल्या. "आत्या, मुडदा कुठे बसवायचा, विचारतायत."

"आता ते कुनाला ठावं?" आत्या वैतागली. "बशिवला म्हंजी बशिवला!"

हेही उत्तर बाईंनी भाषांतर करून दिलं. इंग्रिड आधी हसल्या नाहीत. मग हसल्या. मग इतक्या हसल्या, की गोठ्याच्या खांबाला धरून खाली बसल्या. डोळे पुसत त्यांनी विचारलं, ती चप्पल म्हशीला कधी लागते का?

आत्याला प्रश्नच अपमानास्पद वाटला. "लागंल कशी? जनावराला कोन मारतं व्हय? ती निसती फेकायची असती."

इंग्रिडना आता स्वतः फेकून बघायची होती. त्यांनी पायातली सँडल काढली, आत्यानं त्यांचा कोपर धरून नेम कसा चुकवायचा ते दाखवलं आणि त्यांनी फेकली. ती किरणभाऊंच्या कपाळावर बसली.

करार तिथेच झाला. चप्पल फेकली तर चालेल, पण कुणालाही लागता कामा नये. या अटीला पहिली संमती कपाळ चोळत उभ्या असलेल्या किरणभाऊंनी दिली. आम्ही परत येऊन सगळे भाग तपासले, तर चप्पल एकदाच लागली होती, बगळ्याला. त्याला बोटभर बाजूला सरकवला आणि काम भागलं. शिव्यांचं मात्र इंग्रजी काही केल्या होईना. शेवटी 'अगं भवाने' तसंच ठेवायचं ठरलं.

परतताना गाडीत बाई माझ्या शेजारी बसल्या. मग मला म्हणाल्या, "राग काढू नका म्हणून मीच भांडले ना? आणि आज मीच आत्याला शाळेत घातलं. नवी साडी, ताई काय, उपकार काय. परिपत्रक करून टाकलं होतं गं मी त्या बाईचं. बरं झालं, पहिल्याच दिवशी पळून आली ती."

त्यानंतर मात्र त्या फार जपून असत. कुठलाही भाग इंग्रजीत झाला, की विचारत, "हे ऐकून चंद्री हलली असती का?"

मालिका तिकडे लागली. इंग्रिडनी आम्हाला एक चित्रफीत पाठवली. बर्फात टोपडी घातलेली दोन गोरी पोरं आपल्या कुत्र्याच्या मागे धावत होती आणि ओरडत होती, "अगा बावाने! अगा बावाने!" बाईंनी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा लावायला लावली. "उच्चार सुधारायला हवेत," म्हणाल्या, आणि शेंगा सगळ्यांना वाटल्या. स्टुडिओ वाचला. दुसरी मालिका झाली, तिसरीचं काम सुरू झालं.

ते सुरू असतानाच गेल्या वर्षी बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या दुआला आम्ही बेगडेवाडीला त्यांच्या घरी गेलो. किरणभाऊ, मी, सुंद्राआत्याही आली होती. बाईंचे थोरले भाऊ, कंपनीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या दाढीचे गंभीर गृहस्थ, आमच्यासमोर बसले. ते म्हणाले, "शमीम तुमच्याकडे नक्की काय करायची? घरी विचारलं तर म्हणायची, भाषांतर. रोज घसा बसून घरी यायची. भाषांतर करून घसा कसा बसतो?"

किरणभाऊंनी सांगायचा प्रयत्न केला. म्हैस, आजी, बगळा, इंग्रजी. दुखवट्याच्या घरात त्यातलं काहीच धड सांगता येईना. शेवटी त्यांनी संकोचत फोन काढला, आवाज बारीक केला आणि हौसानं साडी खाल्लेला भाग लावून त्यांच्या हातात दिला.

ते बघत राहिले. हौसा साडी चघळत होती. गोदाआजी चिडली, तिनं पदर खोचला आणि तो खरखरीत, चढत जाणारा इंग्रजी आवाज सुरू झाला. बाईंचे भाऊ एकदम ताठ बसले. फोन त्यांनी कानाशी नेला.

"ही तर अम्मा आहे," ते म्हणाले.

"कोन अम्मा?" किरणभाऊंनी विचारलं.

"आमची अम्मा. कामशेतला बांगड्यांचं दुकान होतं तिचं. आम्हाला अशीच ओरडायची. हे असंच, शेवटी आवाज फाटायचा." त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं. "अगं, बाहेर या सगळे! अम्मा ऐका!"

बायका आल्या, पोरं आली. आवाज मोठा केला. फोनमधली आजी ओरडत होती, चप्पल शिंगांवरून उडत होती आणि दाटीवाटीनं उभी राहिलेली ती माणसं आधी रडली, मग हसू लागली. सुंद्राआत्याही डोळ्यांना पदर लावून हसत होती. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावून गेलं.

भाग संपला. भाऊंनी फोन किरणभाऊंना परत दिला नाही. दाढीवरून ओघळलेलं पाणी त्यांनी पालथ्या हातानं पुसलं आणि फोनकडे बघत, खरोखरच नवल वाटून, विचारलं,

"पण अम्मा इंग्रजी कधी शिकली?"